अगाथा ख्रिस्तींचे ते अकरा दिवस: कादंबरीकाराने त्यात शिरावं का?

निशाचर: ३ डिसेंबर १९२६च्या रात्री रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती इंग्लंडमधल्या सनिंगडेलच्या घरातून गाडी घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी न्यूलँड्स कॉर्नरजवळ गाडी सापडली. आत फरचा कोट होता, बाई नव्हत्या. १४ तारखेला त्या हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. या अकरा दिवसांवर बेतलेल्या ज्या रहस्यकादंबऱ्यांत 'नवऱ्याला अद्दल घडवायला बाईंनी कट रचला' असं दाखवतात, त्यांना माझा ठाम विरोध आहे. त्या एप्रिलमध्ये आई गेली होती, ऑगस्टमध्ये नवऱ्याने, आर्चीने, घटस्फोट मागितला होता. अशा खचलेल्या बाईला कारस्थानी ठरवायचं? आत्मचरित्रातही त्यांनी हा विषय टाळला. त्याचा मान ठेवा की!

पानवेडी: साफ असहमत. नवऱ्याची प्रेयसी नॅन्सी नील, आणि हॉटेलात बाईंनी नाव दिलं 'मिसेस टेरेसा नील, केप टाउन'. प्रेयसीचंच आडनाव! एवढा धागा हाती आल्यावर कुठला लेखक गप्प बसेल? त्या बेपत्ता असतानाच शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलनी त्यांचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या एका माध्यमाकडे नेला, रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स गाडी सापडली ती जागा बघून आल्या. तर्क लढवायला तेव्हाच सुरुवात झाली होती.

निशाचर: आडनाव घेतलं म्हणजे कट कसा झाला? ज्या नावाने संसार मोडला तेच डोक्यात घुमत राहिलं असेल, असं का नाही लिहीत कुणी? आणि आत्मचरित्र टाळत असलं तरी १९२८ साली डेली मेल या वृत्तपत्राशी त्या बोलल्या होत्या. त्या रात्री जीव द्यायचा विचार मनात होता, असं सांगितलं होतं. हे वाचल्यावर सूडकथा मला तरी पचत नाही.

पानवेडी: मुलाखतीत सांगितलं ते सगळं खरंच मानायचं? घटस्फोट त्याच वर्षी झाला, लहानगी मुलगी रोझलिंड मध्ये होती. जपूनच बोलल्या असतील. ती फट कादंबरीच भरू शकते.

उंबरठा: तुम्ही दोघंही नॅन्सीला विसरताय. पुढे आर्चीशी तिचं लग्न झालं, पण कथेत ती कायम 'ती दुसरी'. तिच्या तोंडी मनचे संवाद घालून तिला खलनायिका करायचं, हे मला सगळ्यात खटकतं. कट दाखवायचाच असेल तर सगळ्यांची नावं बदला आणि खुशाल लिहा.

पानवेडी: नावं बदलली तर ती हॅरोगेटची नोंद कशी वापरणार? सगळं रहस्य त्या 'नील'मध्येच तर आहे.