मदत हवी आहे: प्राणिसंग्रहालयात पाहिलेलं हे कासव कोणतं? (तातडीचं)

अडकित्ता
नमस्कार मंडळी. रविवारी भाचीला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिथे एक मोठं, काळपट कासव होतं. त्याचं नाव हवंय. उद्या सकाळी आठच्या आत. गूगलून झालंय, 'मोठं काळं कासव' टाकलं की तीच ती दहा चित्रं येतात आणि त्यातलं एकही हे नाही. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

शिंपला
मोठं म्हणजे केवढं? ताटाएवढं की टेबलाएवढं? फोटो? पाटी काय म्हणत होती?

रानवाटा
कासवांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत. 'मोठं, काळपट' एवढ्यावर नाव विचारणं म्हणजे 'काल बसमध्ये एक मिशीवाले गृहस्थ होते, कोण असतील?' पाण्यात होतं की जमिनीवर? पाय खांबासारखे की वल्ह्यासारखे? मानेच्या बरोब्बर वर, पाठीच्या कडेला, एक छोटी पट्टी होती का?

भाऊसाहेब_५२
सल्काटा. डोळे झाकून सांगतो. प्राणिसंग्रहालयात मोठं कासव म्हणजे सल्काटाच असतं. आमच्या घरमालकांकडे दोन होती. कुंपणाखालून बोगदा खणून शेजारच्या अंगणात निघाली होती एकदा. बाकी चर्चेची गरज नाही.

अडकित्ता
जमिनीवर. विमानात वर ठेवतात त्या ट्रॉली बॅगेएवढं. पाटी होती, पण तिच्यावर 'स्टार टॉर्टॉइज' लिहिलेलं आणि ते स्टार नव्हतं, स्टार मला कळतं. मानेवरची पट्टी वगैरे कोण बघतो हो? फोटो आहे पण काही कामाचा नाही.

खडूस_खार
पाटी होती हे आत्ता सांगताय? आणि आठ वाजता काय आहे, कासवाचं लग्न?

निवडुंग
अवांतर: मराठीत सगळ्यालाच कासव म्हणतात म्हणून हे गोंधळ होतात. टॉर्टॉइज वेगळं, टर्टल वेगळं. धागाकर्त्यांनी आधी ते ठरवावं.

शिंपला
निवडुंग, ते 'जमिनीवर' म्हणालेत की. आणि कासव हा शब्द पुरतो. जमिनीवरचं कासव, समुद्री कासव, झालं काम. इंग्रजीतही सगळीकडे एकच रीत नाही, प्रत्येक देशात हे शब्द वेगळे वापरतात.

निवडुंग
पुरत नाही म्हणून तर तुम्हाला दोन शब्द लावावे लागले ना?

रानवाटा
हे दोघांनी वेगळ्या धाग्यावर न्या. अडकित्ता, स्टार नव्हतं हे बरोबर वाटतं. भारतीय स्टार कासव फूटभराच्या पलीकडे क्वचितच जातं. पाटी शेजारच्या कुंपणाची असेल. 'कामाचा नसलेला' फोटो टाका. कामाचा आहे की नाही ते आम्ही बघू.

एक_थेंब
वय सांगता येईल. पाठीवरच्या एका खवल्यावरची वलयं मोजा, जितकी वलयं तितकी वर्षं. झाडासारखंच.

रानवाटा
वय कोणी विचारलंय? आणि हे चूक आहे. वलय वाढीचं असतं, वर्षाचं नाही. खाणं भरपूर मिळालं तर एका वर्षात दोन-तीन उमटतात, उपासमारीत एकही नाही. म्हाताऱ्या कासवाची पाठ तर घासून गुळगुळीत झालेली असते. मग त्याचं वय शून्य धरायचं का?

एक_थेंब
मग कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातल्या अद्वैत कासवाचं वय २५० कसं काढलं?

शिंपला
काढलं नाही, सांगितलं गेलं. ते अल्डाब्रा जातीचं कासव २००६ मध्ये गेलं. अडीचशेचा आकडा ऐकीव गोष्टींवर उभा आहे. सेंट हेलेना बेटावरच्या जॉनथनचं जरा बरं. १८८२ मध्ये त्याला बेटावर आणलं तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता, म्हणून जन्म १८३२ च्या सुमाराचा धरतात. तोही अंदाजच, पण निदान कशावर तरी टेकलेला.

मऊमऊ
इथे कासववाले दिसताहेत म्हणून विचारते. माझं लाल कानाचं स्लायडर (पाण्यातलं पाळीव कासव) चार दिवस काही खात नाहीये. काय करू?

अडकित्ता
अहो माझा धागा!! घ्या फोटो. हसू नका. ते वळतच नव्हतं. पाऊण तास आमच्याकडे पार्श्वभाग करून मागे मागे सरकत पाचोळा ढकलत होतं. कुंपणाला लागून पाचोळ्याचा हा ढीग, गुडघ्याएवढा. वर तुषार चालू, सगळीकडे चिखल. म्हणून अंधुक आलाय.

खडूस_खार
हसलो.

भाऊसाहेब_५२
बघा, मांडीवर काटे दिसताहेत. काटे म्हणजे सल्काटा. त्याचं नावच काटेवालं आफ्रिकन कासव. विषय संपला.

रानवाटा
भाऊसाहेब, मांडीवर काटा असणारी कासवं बरीच आहेत. भूमध्य समुद्राकडच्या ग्रीक कासवालाही असतो, बिबट्या कासवालाही छोटे असतात. सल्काटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, रंग वाळूसारखा पिवळट. हे काळं कुळकुळीत आहे. आणि त्याला दिवसभर तुषारात चिखलात कोण ठेवेल?

अडकित्ता, तुम्ही नकळत नेमका हवा तोच फोटो काढलाय. शेपटीच्या वरचा खवला मोठा करून बघा. मधोमध उभी फट आहे, म्हणजे एक नाही, दोन खवले. सल्काटाला तिथे एकच सलग खवला असतो. स्टारलाही एकच. पाचोळ्याचा ढीग तर सहीच म्हणायला हवी. ही मादी आहे आणि ती घरटं रचतेय. बाकी जमिनीवरची कासवं खड्डा करून अंडी पुरतात. ही मात्र मागच्या बाजूला पाचोळा ओढत ढीग करते, त्यात अंडी घालते आणि नंतर काही दिवस राखणही करते. कोणी जवळ आलं तर अंगावर येते.

एशियन फॉरेस्ट टॉर्टॉइज. शास्त्रीय नाव मनूरिया एमिस. आशियातलं जमिनीवरचं सगळ्यात मोठं कासव. दोन उपजाती आहेत. तपकिरी ती दक्षिणेची, मलेशिया-सुमात्रा-बोर्निओकडची. काळी, आकाराने मोठी ती ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार या बाजूची, तिला फायरेई म्हणतात. रंगावरून ही दुसरी वाटते, पण खात्रीला पोटाकडची बाजू बघावी लागते. काळीत छातीवरचे दोन खवले मधोमध एकमेकांना भिडतात, तपकिरीत भिडत नाहीत. ते बघायला तिला उलटं करू नका.

शिंपला
+१. फट मलाही दिसतेय. ओलसर डोंगराळ जंगलातलं आहे हे, म्हणून तुषार. आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे, तेव्हा तुमच्यासमोर ढीग रचत होती ही चांगली बातमी.

भाऊसाहेब_५२
सल्काटाची पिल्लंसुद्धा लहानपणी वेगळी दिसतात.

खडूस_खार
भाऊसाहेब, ट्रॉली बॅगेएवढं पिल्लू?

रानवाटा
आणखी एक. मागच्या पाय आणि शेपटीच्या मध्ये दोन्हीकडे काट्यांचा जो झुबका आहे, तो इतका जाड असतो की लांबून पायच वाटतो. त्यामुळे याला 'सहा पायांचं कासव' असं टोपणनावही आहे.

अडकित्ता
काय????
थांबा.

अडकित्ता
आता सगळं सांगतो. आधी सांगितलं नाही कारण त्याचा कासवाशी संबंध आहे असं मला वाटलंच नव्हतं. भाची सात वर्षांची. रविवारी रात्री 'मी पाहिलेला प्राणी' म्हणून तिने या कासवाचं चित्र काढलं. सहा पाय. चार मोठे, दोन मागे छोटे. मी म्हटलं, दोन खोड. ती म्हणाली, मामा, तू मोबाइलमध्ये बघत होतास, मी कासवाकडे बघत होते. खोडले नाहीत. आज वर्गात बाईंनी त्या दोन पायांभोवती लाल गोल करून 'कासवाला चार पाय असतात' लिहून दिलं. उद्या चित्र दुरुस्त करून, नाव लिहून न्यायचंय. दुपारपासून ती माझ्याशी बोलत नाहीये. मी नाव शोधत होतो ते तिला बाकीचे फोटो दाखवून 'बघ, चारच असतात' म्हणायला.

शिंपला
भाचीला साष्टांग नमस्कार सांगा.

खडूस_खार
एवढी महत्त्वाची गोष्ट बावीस प्रतिसादांनंतर. तुमच्यापेक्षा भाचीने धागा काढायला हवा होता.

निवडुंग
पण बाई चूक नाहीत. पाय चारच असतात.

रानवाटा
दोघीही बरोबर. पाय चारच, पण तिला जे दिसलं ते खरंच तिथे आहे. दोन छोटे पाय खोडू नका. त्यांची टोकं काट्यासारखी करायला सांगा आणि बाण काढून 'मांडीवरचे काटे' लिहायला सांगा. लाल गोल तसाच राहू द्या.

अडकित्ता
आत्ता फोटो मोठा करून तिला दाखवला. काटे दाखवायच्या आधीच तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, शेपटीवर भेग आहे ती तू बघितली नाहीस ना? ती चित्रात आधीपासून आहे. मला वाटलं होतं पेन्सिल घसरली असेल.
नाव तिनेच लिहिलंय, 'मनूरिया'. 'एमिस'ला जागा उरली नाही.

भाऊसाहेब_५२
तरी एकदा सल्काटा तपासून घ्या.

मऊमऊ
स्लायडरचं कोणी सांगेल का?

शिंपला
मऊमऊ, पाणी गार असेल तर ते खात नाहीत. पाण्याचं तापमान, बाहेर येऊन अंग शेकायची जागा आणि अतिनील दिवा आहे का, हे तिन्ही लिहून वेगळा धागा काढा. डोळे सुजलेत किंवा नाकातून फुगे येताहेत असं असेल तर धागा काढू नका, डॉक्टरकडे न्या. आणि आत्ताच सांगतो, फोटो पुढूनही काढा.