मदत हवी आहे: विडी सोडताना निकोटीन पॅच किती मिलिग्रॅमचा लावायचा?

वडील (वय ६१) रोज २०-२५ विड्या ओढतात, पहिली उठल्यावर दहा मिनिटांच्या आत. आता सोडायचं मनापासून ठरवलंय. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ चालू आहे, दाब आटोक्यात आहे. हृदयविकार, मधुमेह नाही. तंबाखू, मिश्रीची सवय नाही.

२ मिलिग्रॅमचं निकोटीन गम वापरून झालं. पद्धत बरोबर होती: झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, आधीची १५ मिनिटं चहा नाही (तोंडातल्या आम्लामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही). तरी सकाळची तल्लफ भागत नाही, शिवाय गम कवळीला चिकटतं. म्हणून पॅच, आणि तल्लफ आली की २ मिलिग्रॅमची चघळायची गोळी, असा विचार आहे.

अडचण अशी की पॅचचे तक्ते सिगारेटवर बेतलेले आहेत: दिवसाला दहाच्या वर असतील तर २१, नाहीतर १४. विडीत तंबाखू कमी असतो, पण ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात, त्यामुळे निकोटीन कमी जातं असं धरता येत नाही.

ई-सिगारेट कृपया सुचवू नका. २०१९ पासून देशात बंदी आहे, आणि निकोटीनचं व्यसन तसंच राहतं.

पॅच डॉक्टरांना विचारूनच सुरू करू. पण व्यसनमुक्ती केंद्रात काम करणाऱ्यांनी सांगावं: विडी ओढणाऱ्याला तुम्ही थेट २१ ने सुरुवात करता का? आणि रात्री पॅच काढला तर पहाटेच्या तल्लफेचं काय करता?