परागंदा चळवळीचे दप्तर : 'निर्वासित', 'अभिलेख' आणि 'जतन' या शब्दांविषयी

प्रश्न

गेल्या वर्षी माझे काका वारले. ते समाजवादी चळवळीतले कार्यकर्ते होते आणि नव्वदच्या दशकातली काही वर्षे दिल्लीत राहिले होते. त्यांच्या घराचा माळा आवरताना एक पत्र्याची ट्रंक निघाली. ब्रह्मदेशातून १९८८ साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची पत्रके, स्टेन्सिल कापून काढलेली सायक्लोस्टाइल वार्तापत्रे, बैठकांची इतिवृत्ते आणि बरीचशी पत्रे तिच्यात आहेत. काकांनी या सगळ्याची सात पुडकी करून ती जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून ठेवली होती. त्यांच्या खाली तीन ध्वनिफिती आणि दोन फ्लॉप्या मिळाल्या. टाचण्या गंजून कागदात रुतल्या आहेत, एका पुडक्याला कसर लागली आहे, आणि बहुतेक वार्तापत्रांच्या मथळ्याशी चाल करून येणाऱ्या मोराचे चित्र आहे.

हा संग्रह एखाद्या संस्थेकडे सोपवण्यापूर्वी त्याची मराठीत सूची करावी असे ठरवले आणि पहिल्याच ओळीशी अडलो. मी लिहिले होते, 'निर्वासित विद्यार्थी लोकशाही चळवळीच्या अभिलेखांचे जतन'. घरात ती ओळ वाचून दाखवली तेव्हा आईला फाळणीनंतरच्या छावण्या आठवल्या, भावाला भूमी अभिलेख कार्यालयातली रांग आठवली, आणि पुतणीने विचारले की ही कॉलेजातल्या निवडणुकांसाठीची चळवळ होती का. तिघांचेही चुकले असे मला म्हणता येईना. नेमके शब्द कोणते वापरावेत?

प्रतिसाद

आधी 'निर्वासित' घेऊ. हा शब्द मराठीत मुळात 'घालवून दिलेला' या अर्थाचा असला, तरी १९४७ नंतर तो 'आश्रयाला आलेला' या अर्थी इतका रुळला की कोणी घालवले यापेक्षा कोणी ठेवून घेतले याकडेच तो बोट दाखवतो. आपल्या ट्रंकेतल्या काही कागदांना तो अगदी चपखल बसेल. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे दिल्लीतल्या बर्मी विद्यार्थ्यांना निर्वासित म्हणून मान्यता आणि ओळखपत्र मिळायचे ते संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाकडून. अशा ओळखपत्राची प्रत निघाली तर तिथे 'निर्वासित' हेच लिहावे. मात्र तो एकेका माणसाचा कायदेशीर दर्जा झाला, चळवळीचा नव्हे.

'हद्दपार' आणि 'तडीपार' हे दोन्ही शब्द येथे चालणार नाहीत, कारण दोहोंमागे कोणाचा तरी हुकूम लागतो. टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेले, ती हद्दपारी होती. त्याच मंडालेच्या गादीवरून ज्याला १८८५ साली इंग्रजांनी उतरवले, तो थिबा राजा रत्नागिरीत तीस वर्षे राहून १९१६ साली तिथेच वारला, तीही हद्दपारीच. ब्रह्मदेशाशी मराठी माणसाचा जो जुना परिचय आहे तो असा उलटसुलट हद्दपारीतून झालेला आहे, आणि म्हणूनच हा शब्द आपल्या हाताशी चटकन येतो. या विद्यार्थ्यांना मात्र कोणी हुकूम काढून सीमेपलीकडे सोडले नव्हते. मार्च १९८८ मध्ये रंगूनच्या तंत्रशास्त्र संस्थेतला एक विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, तेथून वणवा पेटत ८ ऑगस्टचा देशव्यापी उठाव झाला, १८ सप्टेंबरला लष्कराने सत्ता हाती घेऊन रस्त्यारस्त्यांत गोळ्या घातल्या, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत हजारो विद्यार्थी आपापल्या पायांनी थायलंडच्या, काही जण चीनच्या आणि भारताच्या सीमेकडे गेले. मणिपूर आणि मिझोराममध्ये आलेले ते हेच.

अशांसाठी मराठीत 'परागंदा' हा जुना, कमावलेला शब्द आहे. फारसीत त्याचा अर्थ 'विखुरलेला' असा होतो, आणि मराठीत जुलमाला कंटाळून गाव सोडून पांगलेल्या रयतेसाठी तो वापरला गेला. जाणे स्वतःचे, पण कारण राजवटीचे, आणि जाणारे एका जागी न राहता पांगलेले, ही तिन्ही अंगे त्यात येतात. म्हणून माझे मत 'परागंदा' या शब्दाच्या बाजूने आहे.

दुसरा प्रतिसाद

'विजनवासी' का नको? तो अधिक भारदस्त वाटतो.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

भारदस्त आहे हे खरे, पण वृत्तपत्रांनी त्याची पार रया घालवली आहे. निवडणूक हरलेला पुढारी दोन वर्षे व्यासपीठावर दिसला नाही की तो 'राजकीय विजनवासात' गेला म्हणतात. शिवाय 'विजन' म्हणजे जिथे माणसे नाहीत अशी जागा, आणि हे विद्यार्थी गेले ते सीमाभागातल्या कारेन, काचीन अशा लोकांच्या भरवस्तीत, त्यांच्याच आश्रयाने. त्यांची स्वतःची बोली अधिक नेमकी आहे. बर्मीत 'तो' म्हणजे रान, आणि रानाचा आश्रय घेणे याला 'तो खो' म्हणतात. आपल्याकडे बेचाळीसच्या सातारच्या कार्यकर्त्यांना 'भूमिगत' म्हटले, पण ते त्यांच्याच मुलखात दडून राहिले होते. ब्रह्मदेशातही जे शहरातच राहून छुपे काम करत राहिले, त्यांच्यासाठी 'भूमिगत' राखून ठेवावा, म्हणजे सूचीत दोन गट वेगळे दिसतील.

तिसरा प्रतिसाद

मी 'अभिलेख' या शब्दाविषयी लिहितो, कारण माझा निम्मा जन्म जुन्या कागदांत गेला आहे. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाच्या नावात तो आहे, तो चुकीचा नाही, आणि सरकारी पत्रव्यवहारात तोच वापरावा लागेल. तरीही 'अभिलेख' म्हटले की ठेवणारे कार्यालय, शिक्का आणि जावक क्रमांक हे सगळे गृहीत धरले जाते. ज्या संघटनेला स्वतःचे कार्यालय कुठे असेल याची पुढच्या पावसाळ्यापर्यंत खात्री नव्हती, तिच्या कागदांना तो अंगरखा ढगळ होतो. अखिल ब्रह्मदेश विद्यार्थी लोकशाही आघाडी १ नोव्हेंबर १९८८ रोजी थायलंडच्या सीमेवरील कॉमूरा येथे, कारेन बंडखोरांच्या ठाण्यात स्थापन झाली. पुढे तिचे मुख्य केंद्र ज्या परिसरात होते ते मानेरप्लॉ जानेवारी १९९५ मध्ये लष्कराने घेतले, आणि महिनाभरातच कॉमूराही पडले. ठाणे सोडताना पाठीवर मावेल तेवढेच बरोबर येते.

म्हणून मी 'दप्तर' सुचवतो. पेशवे दप्तर म्हटले की कोणाही मराठी वाचकाला बांधून ठेवलेल्या कागदांची रास दिसते. 'दस्तऐवज' हा शब्द फक्त खरेदीखत, करारनामा अशा पुराव्याच्या कागदासाठी ठेवावा. आपल्या ट्रंकेतल्या पत्राला किंवा कवितेला दस्तऐवज म्हणणे म्हणजे तिला कोर्टात उभे करण्यासारखे आहे. राजवाडे यांनी आपल्या खंडांना 'साधने' म्हटले, तोही शब्द चांगला आहे, पण तो इतिहासकाराच्या बाजूने पाहतो. ज्याचे कागद त्याच्या बाजूने पाहायचे तर दप्तरच.

प्रश्नकर्ता

'परागंदा' मनापासून पटला. 'दप्तर' या शब्दाविषयी मात्र शंका आहे. आजच्या मुलांसाठी दप्तर म्हणजे शाळेची पिशवी. सूची वाचून कोणी हसणार तर नाही?

तिसऱ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

हसले तर हसू द्यावे. एका वाचकाला कागदांची रास दिसेल आणि दुसऱ्याला विद्यार्थ्याच्या पाठीवरची पिशवी दिसेल, आणि या एका प्रसंगी दोघांनाही दिसलेले खरे आहे. वर्गातून उठून रानात गेलेल्या पोरांचे कागद हे. आणखी कोणत्या भाषेत ही सोय असेल असे वाटत नाही.

मात्र एक काळजी घ्यावी. काकांनी पुडकी ज्या क्रमाने बांधली तो क्रम मोडून 'पत्रे एकीकडे, पत्रके दुसरीकडे' अशी आपल्या सोयीची वाटणी करू नये. पत्रकाला जोडलेली चिठ्ठी त्या पत्रकाजवळच राहिली पाहिजे, नाहीतर ती कोणाला आणि कशासाठी लिहिली हे पुन्हा कधीच कळणार नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. कागद सपाट ठेवून, टाचणीखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून तिचे टोक अलगद उचलावे. फ्लॉप्या आधी एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. त्यांतला बर्मी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असणार आणि तो उघडला तरी गिचमीड दिसेल. आपल्याकडे जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायलींचे जे होते तेच. म्यानमारने अधिकृतपणे युनिकोडकडे वळण्याचा दिवस ठरवला तो १ ऑक्टोबर २०१९ हा, यावरून जुन्या फायलींचा गुंता किती असेल ते ध्यानात येईल.

चौथा प्रतिसाद

'जतन' या शब्दावर कोणीच बोलले नाही. तो संस्कृत 'यत्न' या शब्दापासून आला, म्हणजे त्याच्या पोटात कष्ट आहेत. संगणकाच्या मराठीकरणात 'जतन करा' हे एका बटणाचे नाव झाल्यापासून तो हलका झाला आहे. कागद दुरुस्त करणे, कसर आणि बुरशी रोखणे यासाठी तंत्रज्ञ 'परिरक्षण' वापरतात, ते तिथेच राहू द्यावे. सूचीत 'जतन' राहावा, पण 'जतन' आणि 'प्रसिद्धी' ही एक गोष्ट नव्हे हे स्पष्ट लिहावे. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर जुन्या पत्रांतली नावे पुन्हा धोक्याची झाली आहेत. पत्र लिहिणारा आज दिल्लीत किंवा ओस्लोत सुरक्षित असेल, पण पत्रात उल्लेखलेली बहीण मंडालेत असू शकते.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती अधिक अवघड आहे. याच आघाडीच्या काचीनमधल्या उत्तर शाखेत १९९१-९२ मध्ये आपल्याच साथीदारांना हेर ठरवून त्यांचा छळ झाला, आणि १२ फेब्रुवारी १९९२ रोजी पंधरा जणांना मारण्यात आले. वीस वर्षांनी आघाडीने स्वतःच चौकशी समिती नेमली. अशा वेळी जुनी इतिवृत्ते आणि पत्रे हाच आधार असतो. त्यामुळे चळवळीला न शोभणारा कागद सापडला तर तो बाजूला काढण्याचा मोह टाळावा. ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेची स्थापना १९३५ सालची. जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने नाझींच्या हातून वाचवलेली मार्क्स-एंगल्सची कागदपत्रे १९३८ साली तिच्याकडे आली. तिने ब्रह्मदेशातून बाहेर पडलेल्या चळवळींचे कागदही गोळा केले आहेत. तिथे विचारून पाहावे. काही पुडकी उघडी आणि काही ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची व्यवस्था अशा संस्थांकडे असते.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

पुतणीच्या शंकेचे राहून गेले. 'विद्यार्थी लोकशाही चळवळ' या जोडणीत कोण कोणाचे विशेषण हेच कळत नाही. 'विद्यार्थ्यांची लोकशाही चळवळ' असा षष्ठीचा प्रत्यय लावला की पुरे. संघटनेच्या नावात मात्र 'आघाडी' ठेवावी. महाराष्ट्रात आघाडी म्हणजे निवडणुकीपुरती बांधलेली मोळी असे झाले असले, तरी लढाईतली आघाडीही आपण विसरलेलो नाही, आणि ही संघटना हत्यार धरणारी होती.

'म्यानमार' की 'ब्रह्मदेश' हा वाद घालू नये. देशाचे नाव लष्करी राजवटीने १९८९ साली बदलले, आणि आघाडीने आपल्या नावात जुनेच ठेवले, म्हणून या दप्तरापुरता 'ब्रह्मदेश'. भाषेला 'ब्रह्मी' मात्र लिहू नये, वाचक ब्राह्मी लिपी समजेल. बर्मी लिपी तिच्याच वंशातली, त्यामुळे घोटाळा आणखी वाढेल. 'बर्मी' लिहावे.

आणि मोराविषयी. तो 'लढता मोर' १९३० च्या दशकापासून रंगून विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे चिन्ह आहे. त्या संघाच्या मासिकाचे नाव 'ओवे', म्हणजे मोराची साद. १९३६ साली आंग सान, म्हणजे पुढे ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते झालेले, त्याचे संपादक होते, आणि त्यातल्या एका लेखावरून झालेल्या कारवाईने विद्यार्थ्यांचा संप पेटला. एखाद्या वार्तापत्राच्या नावात 'ओवे' आले तर भाषांतरात 'मोराची हाक' असे सैल लिहू नये. आपल्याकडे मोराच्या ओरडण्याला 'केका' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि मोरोपंतांनी स्वतःच्या नावावर कोटी करून तो 'केकावली'त अजरामर केला आहे.

प्रश्नकर्ता

नावांचे काय करावे? आडनावाप्रमाणे लावायला गेलो तर 'को' आणि 'ऊ' या आडनावांची माणसे भराभर वाढत चालली आहेत.

तिसऱ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

बर्मी माणसांना आडनाव नसते. 'को', 'मा', 'ऊ', 'डॉ' ही आपल्या दादा, ताई, राव, बाई यांसारखी आदराची पदे आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले ऊ थांट यांचे नाव फक्त थांट. 'डॉ' या पदापुढे तर टिंब पडता कामा नये, नाहीतर ट्रंकेतल्या प्रत्येक वडीलधाऱ्या बाईंना आपण डॉक्टर करून टाकाल. पूर्ण नाव जसेच्या तसे लिहून पहिल्या अक्षराने लावावे आणि पद शेवटी स्वल्पविराम देऊन टाकावे. अपवादही असतात. अठ्ठ्याऐंशीच्या उठावातले विद्यार्थी नेते 'मिन को नाइंग' यांच्या नावातला 'को' दादा नव्हे, तो विभक्तीचा प्रत्यय आहे. 'राजांना जिंकणारा' असा त्याचा अर्थ, आणि ते मुळात चळवळीत घेतलेले नाव आहे. अशा नावाला 'टोपणनाव' म्हणू नये, ते कवींचे असते. 'चळवळीतले नाव' असे साधे लिहावे.

जाता जाता आणखी एक. आपण सूचीत 'पुडकी' लिहिणार असाल, पण ती कापडात बांधलेली आहेत असे आपणच म्हणालात. दप्तरातल्या कापडबांधणीच्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. धोतराचे फडके असले तरी रुमालच.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पहिली नोंद अशी केली आहे :

'ब्रह्मदेशातून परागंदा झालेल्या विद्यार्थ्यांच्या लोकशाही चळवळीचे दप्तर. पत्र्याची ट्रंक एक. रुमाल सात, ध्वनिफिती तीन, फ्लॉप्या दोन. भाषा बर्मी आणि इंग्रजी. बांधणीचा मूळ क्रम कायम ठेवला आहे. चौथ्या रुमालास कसर लागली आहे. पाचव्या रुमालात खासगी पत्रे असून त्यांत हयात व्यक्तींची नावे आहेत, म्हणून तो पत्रलेखकांच्या संमतीशिवाय सोडू नये.'