मदत हवी आहे: ही जुनी स्लाइड किटवेची की मुफुलिराची?

माझे वडील १९७६ ते १९८१ या काळात झांबियाच्या तांब्याच्या पट्ट्यात, आधी मुफुलिरा आणि मग किटवे येथे, खाणीत अभियंता होते. त्यांच्या एका स्लाइडमध्ये रात्री तप्त धातुमळी (तांबे वितळवताना उरणारा टाकाऊ रस) उतारावरून ओघळते आहे, आभाळ नारिंगी झाले आहे आणि पुढे आमच्या अंगणातले जॅकरंडाचे झाड काळे दिसते. (गंधकाच्या धुराने उठणारा खोकला स्लाइडमध्ये येत नाही, एवढेच.) चौकटीवर केवळ ‘जून ७९’ असे लिहिले आहे, आणि बदली नेमकी कधी झाली हे आईला आठवत नाही. याच पट्ट्यातील लुआंशा या खाणीच्या गावात आम्ही कधीच राहिलो नाही. किटवेत न्काना या तांब्याच्या खाणीच्या ‘काळ्या डोंगरा’वर (मळीच्या ढिगावर) मळी ओतली जात असे, परंतु मुफुलिरातील वस्तीतूनही असे दृश्य दिसत असे का?