मदत हवी आहे: उकडलेली अंडी सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात

नमस्कार मंडळी,

रविवारी घरी बरीच माणसं जेवायला आहेत. उकडलेली अंडी अर्धी कापून ताटात मांडायची आहेत, म्हणजे ती अख्खी आणि गुळगुळीत सोलली जायला हवीत. नेमकं तेच होत नाही. टरफल आतल्या पापुद्र्यासकट पांढऱ्याला चिकटून बसतं आणि ओढलं की पांढऱ्याचा लचकाच निघतो.

मी असं करते: पातेल्यात अंडी, ती बुडतील इतकं गार पाणी, चमचाभर मीठ, मग गॅस मोठा. उकळी आल्यावर पंधरा मिनिटं ठेवते आणि गॅस बंद करून त्याच पाण्यात निवू देते. अंडी मुद्दाम ताजी आणते. बलकाभोवती हिरवट करडं कडं येतं, ते पाहून मुलं अंडं बाजूला सारतात. ते खाल्लं तर अपाय होतो का? आणि शनिवारीच उकडून ठेवली तर चालतील का? मीठ वाढवावं की व्हिनेगर घालावं, हेही सांगा.

प्रतिसाद १

मीठ आणि व्हिनेगर दोन्ही सोडून द्या. सोलण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं लवकर गोठतं, एवढाच त्यांचा उपयोग.

खरी अडचण ताजेपणाची आहे. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. टरफलाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो हळूहळू निघून जातो आणि पांढऱ्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचं माप) ७.६ ते ७.९ वरून ९ च्या वर चढतो. सामू कमी असताना पांढरं शिजताना पापुद्र्याला घट्ट धरून ठेवतं, वाढल्यावर ती पकड सैल होते. शिवाय अंड्यातलं थोडं पाणी उडून जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, तिथून सोलायला सुरुवात करणं सोपं जातं. तेव्हा पोच करायला, हाफ फ्राय करायला ताजं अंडं घ्या. उकडायला फ्रीजमध्ये आठवडा दीड आठवडा राहिलेलं.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी सहमत, पण रविवार आठवड्यावर आला आहे आणि हाताशी ताजीच अंडी असली तर? तेव्हा पाणी आधी उकळा आणि अंडी नंतर सोडा. ताज्या अंड्यांनाही याने बराच फरक पडतो. गार पाण्यासोबत हळूहळू तापताना पांढरं पापुद्र्याला चिकटत जातं. एकदम उकळतं पाणी लागलं की ते झटकन गोठतं आणि आत ओढलं जातं. वाफेवरही हेच साधतं. तळाला बोटभर पाणी, वर चाळणी, घट्ट झाकण. मला स्वतःला वाफेची पद्धत जास्त आवडते, कारण अंडी एकमेकांवर आपटत नाहीत.

वेळ उकळत्या पाण्यात सोडल्यापासून मोजा: मध्यम आकाराला १० ते ११ मिनिटं, मोठ्याला १२. मग लगेच बर्फाच्या पाण्यात, निदान दहा मिनिटं.

हिरव्या कड्याने अपाय होत नाही. जास्त वेळ तापल्यावर पांढऱ्यातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो, तो रंग त्या आयर्न सल्फाइडचा. तुमची पंधरा मिनिटं आणि वर गरम पाण्यातला मुक्काम, दोन्ही मिळून अंडं फार शिजतं.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! मुलांना आता निर्धास्तपणे देता येईल. एक शंका: फ्रीजमधली अंडी उकळत्या पाण्यात टाकली तर तडकणार नाहीत का?

प्रतिसाद २

टाकू नका, झाऱ्यावरून अलगद सोडा. सोडताना आच कमी करा आणि पुढेही पाणी खळखळ उकळू देऊ नका, मंद उकळी पुरते. पातेल्यात अंड्यांचा एकच थर राहू द्या. एखादं तडकलंच तर ते कापायच्या अंड्यांत धरू नका, म्हणून दोन-तीन जास्तीची लावा.

प्रतिसाद ३

अर्धी कापणार आहात म्हणून सांगते, बलक मधोमध यायला हवा. पहिली तीन-चार मिनिटं चमच्याने अंडी हलकेच फिरवत राहा, पांढरं गोठेपर्यंत बलक एका बाजूला सरकत नाही. कापताना धारदार सुरी दर वेळी ओल्या फडक्याने पुसा.

सोलताना सगळीकडून हलके ठोकून टरफलाला बारीक भेगा पाडा, बोथट टोकाकडून सुरुवात करा आणि अंडं पाण्यात धरा. पापुद्र्याखाली पाणी शिरलं की टरफल सलग निघतं.

प्रतिसाद ४

तुम्ही डोंगराळ भागात राहत असाल तर वरची मिनिटं अपुरी पडतील. साधारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू १ अंशाने उतरतो, त्यामुळे १,५०० मीटरवर पाणी ९५ अंशांनाच उकळतं. एक अंडं आधी कापून बघा आणि त्यावरून वेळ वाढवा.

शनिवारी उकडून ठेवायला काहीच हरकत नाही. गार करून दोन तासांच्या आत टरफलासकट फ्रीजमध्ये ठेवा, तशी आठवडाभर चालतात. सोलायची आणि कापायची मात्र रविवारीच, नाहीतर कापलेला बलक कोरडा पडतो. ताटात मांडल्यावरही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, उन्हाळा कडक असेल तर तासाभरातच संपवा.