मदत हवी आहे : विंडोज, मॅक आणि उबुंटूवर एकच फोल्डर सिंक कसे ठेवावे?

नमस्कार. आजोबांच्या मोडी लिपीतील रोजनिश्यांचे देवनागरी लिप्यंतर मी आणि माझी धाकटी बहीण मिळून करीत आहोत. माझ्याकडे घरी उबुंटू या लिनक्स प्रणालीचा डेस्कटॉप आणि प्रवासात विंडोजचा लॅपटॉप असतो, बहीण मॅक वापरते, आणि पानांच्या स्कॅनसह फोल्डर ४० जीबीचे झाल्यामुळे गूगल ड्राइव्हची मोफत १५ जीबी जागा आम्हांला पुरत नाही.

सध्या एक सशुल्क क्लाउड सेवा घेतली आहे. परंतु गेल्या आठवड्यात मी नेटशिवाय काम करीत असताना बहिणीनेही तीच फाइल उघडली आणि संध्याकाळी फोल्डरमध्ये त्या फाइलच्या दोन प्रती दिसल्या. त्यांतली जुनी समजून मी जी पुसली, तिच्यातच बहिणीने दोन दिवस खपून लिप्यंतर केलेली १६ पाने होती. ती रिसायकल बिनमध्ये सापडेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. शिवाय उबुंटूवर ज्या फाइलींच्या नावांत ':' हे चिन्ह घातले, त्या विंडोजवर उतरतच नाहीत, कारण विंडोज ते चिन्ह नावात स्वीकारत नाही. ती नावे आम्ही बदलत आहोत.

सिंकथिंग हे सॉफ्टवेअर मध्यवर्ती साठवणुकीशिवाय थेट संगणकांमध्ये फाइली जुळवते, मात्र त्यासाठी दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असावे लागतात आणि आमच्या वेळा जुळत नाहीत. घरी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक अखंड चालू ठेवून ही अडचण कोणी सोडवली आहे का? सिंक केलेल्या फोल्डरात एका ठिकाणी पुसलेले सगळीकडे पुसले जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या आपण किती दिवस राखता आणि वेगळा बॅकअप कुठे घेता, हेही जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.