शेतातला डिझेलचा बॅरल

ट्रॅक्टरसाठी २०० लिटरचा बॅरल शेतात ठेवायला लायसन लागतं का, असं बरेच जण विचारतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं १००० लिटरहून मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. पेट्रोलचं गणित वेगळं: विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंतच, तेही धातूच्या २५ लिटरच्या आतल्या डब्यात. फवारणी पंपासाठी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवतात ते नियमात बसत नाही.

आता अनुभवाचं. आमचा बॅरल दोन पावसाळे उभाच होता. झाकणाच्या खोबणीत पाणी साचायचं, तेच बुचातून आत झिरपलं आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद. तेव्हापासून पत्र्याखाली, विटांवर, किंचित तिरका ठेवतो आणि हातपंपाची नळी तळापासून चार बोटं वर. कडबा, खतं लांब. शेजारी वाळूची बादली. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारलं तर डिझेल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरते.

आणि हो, रिकामा बॅरल कापायला वेल्डिंगवाल्याकडे तसाच नेऊ नका. आत उरलेली वाफ ठिणगीने भडकते, म्हणून तो डिझेलने भरलेल्या बॅरलपेक्षा वाईट.